संघात पैलवान आलाय, पण साखळीत येत नाही. काय करावं?

कुंडलिकाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. रोह्याच्या अलीकडे आमच्या गावात कबड्डीचं जुनं मंडळ आहे. मैदान मातीचंच, मॅट नाही. मी उजव्या कोपऱ्यात खेळायचो, गुडघ्याने साथ सोडल्यापासून संघाचं बघतो.

यंदा इथल्या कारखान्यात एक पैलवान कामाला लागला. राधानगरीकडचा. कोल्हापुरात तालमीत वाढलेला, जत्रांची मैदानं मारलेला, दोन्ही कान मोडलेले. वजन ८४ किलो, म्हणजे आपल्या ८५ च्या मर्यादेत कसाबसा बसतो. खोली आमच्याच आळीत घेतलीय. संध्याकाळी मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहायचा. एकदा आपणहून विचारलं, "मी खेळू का?" आम्हाला देवच पावला.

ताकद काय सांगू! आमचा सगळ्यात चपळ चढाईवाला बोनस मारायला आत शिरला, तर याने खाली वाकून त्याचा घोटा एका हाताने धरला आणि जागच्या जागी बसवला. पोरं बघतच राहिली.

पण साखळी, म्हणजे बचावात शेजारच्याचा हात धरून खेळणं, म्हटली की नको. हात धरायला सांगितला की म्हणतो, "हात धरून खेळायला ल्हान पोरं हाय काय आपण? आलेला गडी मी एकटा आडवा करतो की." कुणी सूचना केली तर मान वळवून दुसरीकडे बघतो. आमची पोरं त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, अंगाने काटकुळी. त्यांचं ऐकायचं त्याला जड जातं.

शेजारच्या तालुक्यातल्या स्पर्धेत व्हायचं ते झालं. दुसरा डाव, आम्ही दोन गुणांनी पुढे. त्यांचा चढाईवाला नुसता वेळ काढत होता, निदान रेषा ओलांडली की माघारी वळायचं एवढंच. पैलवान मध्यरक्षकाच्या जागेवरून सुटला तो थेट त्याच्या कमरेत शिरला. उचलला आणि आपटला, पण आपटला मध्यरेषेच्या दिशेने! तोवर दोन्ही कोपरे आणि दुसरा मध्यरक्षक मदतीला धावून अंगावर पडले होते. चढाईवाल्याची पाठ मातीला लागलेली, पण उजव्या हाताची बोटं रेषेवर. पंचांची शिट्टी, आमचे चार गडी बाद. पुढच्या दोन चढायांत सगळा संघ बाद होऊन लोण बसला आणि सामना गेला.

पैलवान हात वर करून उभा होता. त्याला वाटलं आपण जिंकलो. "पाठ लागली की त्येची! मग गुण त्यांना कसा?" नंतर समजावलं तर म्हणाला, "तुमची पोरं मधे कडमडली. मी एकटाच असतो तर एकच गुण गेला असता." हिशेबाने हे बरोबर आहे, म्हणून पोरांना उत्तर सुचेना. आता झालंय असं की तो झेपावला की बाकीचे सहाही जण हात आखडून उभे राहतात. उगाच आपण कशाला बाद व्हा!

गावात "काढून टाका" म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्याला काढायचं नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस न झोपता सरावाला येतो, मैदान झाडायचं असेल तर सगळ्यांच्या आधी झाडू उचलतो. अशा माणसाला जागा कुठली द्यावी, सराव काय घ्यावा आणि बोलावं कसं, जाणकारांनी सांगावं.

---

संघ_आधी

स्पष्ट सांगतो, काढा. एका गड्यासाठी सहा जणांचा खेळ मोडतोय. सहा जण आखडून उभे राहतात तो संघ उरला कुठे? ताकदवान माणसं पुष्कळ मिळतात, ऐकणारी मिळत नाहीत. त्याला गावच्या जत्रेत कुस्ती लावून द्या, सन्मानाने नारळ द्या आणि मोकळे व्हा.

---

जुनी_चाळ

"काढा" हा सल्ला मला मान्य नाही. मी प्रभादेवीच्या चाळीतला. गिरण्या चालू होत्या तेव्हा पहिली पाळी सुटली की आमच्या मैदानावर हमाल, लोहार, तालीमवाले असे सगळे यायचे. अंगात रग असलेला नवा माणूस पहिल्या हंगामात एकट्यानेच धावतो. बाहेरून आलेल्याला आपण कोण आहोत ते दाखवायचं असतं, त्याला दुसरा रस्ता माहीत नसतो.

तुमच्या पैलवानाचा हिशेब बरोबर आहे असं तुम्ही म्हणता, पण तो अर्धाच आहे. एकटा असता तर एक गुण गेला असता, हे खरं. पण दोघांनी नीट धरला असता तर एकही गेला नसता, उलट एक मिळाला असता. हे त्याला बोलून पटणार नाही, अंगाला कळलं पाहिजे.

कुस्तीत समोरच्याला कुठेही पाडा, पाठ लागली की संपलं. दिशेला तिथे किंमत नाही. कबड्डीत सगळी किंमत दिशेची. चढाईवाल्याला पाडायची गरजच नाही, तो मध्यरेषेपर्यंत पोचला नाही म्हणजे झालं. आणि त्याचं सगळं वजन त्या रेषेकडे निघालेलं असतं. कोपऱ्याने मागून पाय धरला तरी तो फरफटत पुढे जातो, कारण कोपरा मागे आहे. रेषा आणि चढाईवाला यांच्या मधे दुसरं कुणीतरी शिरावं लागतं. ते काम मध्यरक्षकाचं, आणि त्या जागेवर ८४ किलोचा पैलवान म्हणजे सोनं आहे.

म्हणून जागा मध्यरक्षकाचीच ठेवा. मात्र शेजारचा कोपरा तुमचा सगळ्यात जुना आणि शांत गडी असू द्या.

सराव असा घ्या. अर्धं मैदानही नको. फक्कीने मध्यरेषा मारा, एक चढाईवाला, एक कोपरा आणि पैलवान. अट एकच: पहिला हात त्याचा नाही. कोपऱ्याची मांडीला किंवा घोट्याला पकड बसली, त्याने "घे" म्हणून आवाज दिला की मगच पैलवानाने निघायचं. निघायचं तेही कमरेकडे नाही. रेषेच्या बाजूने शिरायचं, छातीला छाती लावायची आणि चढाईवाल्याला मागे, अंतिम रेषेकडे रेटायचं. उचलायचं नाही, आपटायचं नाही. उचलला तर तो डाव बाद धरा, पकड यशस्वी झाली तरी.

पहिले काही दिवस तो चिडेल. आवाजाआधीच सुटेल. सुटू द्या, शिट्टी मारा, परत उभं करा.

साखळीचंही सांगतो. तो मनगट धरत असणार, बघा. कुस्तीत मनगट धरतात ते समोरच्याला आपल्या ताब्यात ठेवायला. साखळीत तसं धरलं की शेजारच्याला वळताच येत नाही, पोरं वैतागतात आणि हात सोडवून घेतात. तळव्याला तळवा, बोटं वळलेली, एकमेकांत अडकवलेली नाहीत, अंगठा मोकळा. सुटायचं तर एका क्षणात सुटता आलं पाहिजे. या हातातून शेजारच्याची हालचाल कळते. कोपरा पायावर झेपावायच्या आधी त्याचा खांदा खाली जातो, तो झोल हाताला लागतो. डोळे चढाईवाल्याच्या पायावर असतात, शेजाऱ्याकडे बघायला वेळ नसतो. त्यासाठी हात धरायचा. लहान पोरांसारखा नाही. हे त्याला करून दाखवा.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने. मैदानात तीन किंवा कमी गडी उरतात आणि अव्वल पकडीचे दोन गुण मिळायची संधी असते, तेव्हा मदतीला माणसं नसतात आणि एकेकाच्या बळावर सगळं येतं. तिथे त्याला मोकळं सोडा. "ही वेळ तुझी," असं आधीच सांगून ठेवा. सगळ्याच वेळा आपल्या नसतात, हे मग सोसतं.

---

मोडका_कान

मी स्वतः सांगली भागातल्या तालमीतून कबड्डीत आलेला. वरचं सगळं वाचलं, तांत्रिक बाजू जुनी_चाळ यांनी चोख सांगितली आहे. मी माणसाबद्दल लिहितो.

तुम्ही त्याला गर्विष्ठ समजू नका. तालमीत पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना येतो. पहाटे उठून जोर-बैठका, माती उकरायची, वस्तादांचे पाय दाबायचे, थंडाई घोटायची. तिथेही सगळे एकत्रच राहतात, एका चुलीवर जेवतात. पण हलगी वाजली आणि मैदानात उतरला की तो एकटा. हरला तर त्याच्या जागी दुसरा येत नाही, जिंकला तर बक्षीस वाटून घ्यायला कुणी नाही. कुस्ती चालू असताना मधे कुणी हात घातला तर पैलवानाला तो अपमान वाटतो, कारण मधे हात घालतात ते कुस्ती सोडवायला. तुमची तीन पोरं त्याने धरलेल्या गड्यावर येऊन पडली तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल बघा. माझी कुस्ती सोडवली! मला हे विसरायला दोन हंगाम लागले.

दुसरं, तो घर सोडून आलाय. कोल्हापुरात त्याला रस्त्यात लोक "पैलवान" म्हणून हाक मारत असतील, चहाचे पैसे घेत नसतील. कारखान्यात तो कंत्राटी कामगार. तुमच्या गावात घाटावरचा. जे काही मोठेपण आहे ते अंगात आहे, आणि तुम्ही त्याला सांगताय की अंगाचं बळ आवर. अवघड जातं हो.

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. आमच्या संघाच्या कप्तानाने एक दिवस मलाच सरावाच्या आधीचा अर्धा तास दिला. "पोरांच्या माना कच्च्या आहेत, तुम्ही बघा." मग मी त्यांच्याकडून सपाट्या काढून घेतल्या, मानेचा व्यायाम शिकवला, पडताना खांदा कसा आत घ्यायचा ते दाखवलं. त्यानंतर त्याच पोरांनी मला साखळी शिकवली तर कमीपणा वाटेना. तुमच्या काटकुळ्या पोरांना याची गरज आहेच. त्याच्या हातात अर्धा तास द्या.

आणि सूचना दहा जणांनी करू नका. तालमीत वस्ताद एकच असतो. तुम्ही सांगा, आणि बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत पैलवानाला काही शिकवायला गेलात तर तो मान वळवणारच.

पायाच्या कैचीची सवय आहे का तेही बघा. मातीत चालते, आपल्याकडे पंच फाऊल देतात. पहिल्या हंगामात माझे पाय आपोआप आवळायचे.

---

डावी_मध्यरक्षक

मी मुलींच्या संघात खेळते, ठाणे जिल्हा. दादा, एक विचारायचं आहे. तो बाद झाल्यावर कुठे बसतो?

---

कुंडलिकाकाठ

बरं विचारलंत. आमच्याकडे बाद गडी मागच्या पट्ट्यात ओळीने बसतात. हा बसत नाही. भिंतीजवळ स्वतःची पिशवी असते तिथे जातो, टॉवेल डोक्यावर घेतो. त्याची परत मैदानात यायची पाळी आली की आम्हाला हाका माराव्या लागतात.

संघ_आधी, तुमचं म्हणणं माझ्याच भावाचंही आहे. पण "सन्मानाने नारळ" म्हणजे काय होतं ते आळीत राहणाऱ्याला ठाऊक असतं. तो माणूस उद्यापासून आमच्या दारावरून जाताना खाली बघून जाईल. आधी शिकवून तर बघतो.

---

डावी_मध्यरक्षक

मला तेच वाटलं होतं. त्याला ओळीत बसवा, बाकी सगळ्याच्या आधी.

आपल्या खेळात बाद झालेला गडी आपल्या बळावर परत येऊच शकत नाही. दुसऱ्या कुणी तरी गुण मारायचा तेव्हा हा उठणार, आणि तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. म्हणजे तुमच्या पैलवानाला उठवणार कोण? ज्या काटकुळ्या पोराचं तो ऐकत नाही तोच, ३० सेकंदांच्या चढाईत जीव टाकून आलेला. भिंतीजवळ टॉवेल घेऊन बसलं तर हे दिसतच नाही. ओळीत बसलं की प्रत्येक चढाई आपल्यासाठी चाललेली दिसते. आमच्या संघात एक मुलगी ॲथलेटिक्समधून आली होती, गोळाफेक करायची. तीही अशीच एकलकोंडी. ओळीत बसायला लागल्यावर पहिल्यांदा ती चढाईवालीला ओरडून सांगताना ऐकली, "उजवा कोपरा पुढे आलाय, बघ!" बसल्या जागेवरून मैदान चांगलं दिसतं. त्याला सांगा, बाद असताना समोरचा कोपरा कसा सरकतो ते बघून चढाईवाल्याला सांगायचं काम तुझं.

नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या मुलींना शिकवायला गेल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच मुलींनी अंतिम सामन्यात आपल्याला २७-२४ हरवलं. वाईट वाटलं होतं तेव्हा. पण परक्या देशात जाऊन त्यांनी संघ उभा केला, तुमचा माणूस तर घाटावरचाच आहे, दादा. पोरांनाही त्याच्याकडे एक पाऊल टाकायला सांगा. झेपावल्यावर हात आखडणं हेसुद्धा संघात न खेळणंच झालं.

---

रेडर_नंबर_१०

प्रो कबड्डी बघत असेल तर फझल अत्राचली दाखवा त्याला. इराणचा, डावा कोपरा. २०१५ मध्ये यू मुंबाने विजेतेपद मिळवलं त्या संघात होता. पुढे २०१८ मध्ये यू मुंबानेच त्याला १ कोटीला घेतलं, लीगमध्ये एवढी बोली लागलेला तो पहिला परदेशी खेळाडू, आणि कप्तानही केलं. भाषा वेगळी, देश वेगळा. त्याच वर्षी जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्या पुरुषांना २७-१८ हरवलं, त्यातही तो होता. अंगाने दांडगा, नजरेने समोरच्याला गार करणारा.

फक्त व्हिडिओ दाखवताना त्याची पकड बघायला सांगू नका. ती सगळेच बघतात. यू मुंबाच्या त्या हंगामात मध्यरक्षणात सुरेंदर सिंग होता आणि उजव्या कोपऱ्यात धर्मराज चेरलाथन, वयाने चाळिशीच्या पुढचा. फझलचा हात पायावर पडला की बाकीचे दोघं किती लवकर आणि कुठून येतात, तेवढंच बघायला सांगा. थांबवून थांबवून.

आपला कबड्डीपटू मनजीत छिल्लरही कुस्तीतूनच आलेला आहे, हेही त्याच्या कानावर घाला. बरं वाटेल.

---

कुंडलिकाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. करून बघितलं ते सांगतो आणि एक नवी अडचण.

मोडका_कान यांचं आधी केलं. बाजूला घेऊन म्हटलं, पोरांच्या माना तुमच्या हवाली. पहिल्या दिवशी पोरं कुरकुरली, सपाट्यांनी मांड्या भरून आल्या. पण आमच्या डाव्या कोपऱ्याला, जो त्याच्याशी बोलत नव्हता, त्याला पैलवानाने स्वतः तेल लावून मान चोळून दिली. त्या पोराने दुसऱ्या दिवशी सरावाआधी मैदानावर पाणी मारून ठेवलं होतं, कारण पैलवानाने सांगितलं होतं की कोरड्या मातीत खांदा सोलतो.

"पहिला हात तुझा नाही" या अटीवर भांडण झालं. आवाजाआधी सुटायचा, शिट्टी वाजली की माती पायाने उडवायचा. मग एका पकडीत कोपऱ्याने मांडी धरली, आवाज दिला आणि हा रेषेच्या बाजूने छाती लावून उभा राहिला. नुसता उभा राहिला! चढाईवाल्याला अर्धं पाऊल पुढे सरकता येईना. पैलवान स्वतःच चकित झाला. कोपऱ्याला म्हणाला, "आरं, तू धरल्यावर ह्यो हलका लागतोय की." त्यानंतर आवाजाची वाट बघायला लागला आहे. दर वेळी नाही, पण लागला आहे.

ओळीत बसतो, टॉवेल अजून डोक्यावरच असतो.

आता अडचण. चढाई त्याच्या बाजूला असेल तर ठीक चाललंय. पण तो उजवा मध्यरक्षक आहे आणि चढाई डाव्या कोपऱ्यावर झाली की तिथली पकड बसायच्या आतच अख्खं मैदान ओलांडून धावतो. मधल्या गड्याला धडकतो, उजवी बाजू उघडी पडते. जत्रेचे सामने जवळ आलेत. पहिल्या सातांत घ्यावं की राखीव ठेवावं?

---

जुनी_चाळ

वाचून फार बरं वाटलं. कोपऱ्याने धरल्यावर गडी हलका लागतो हे त्याच्या तोंडून आलं, मग निम्मं काम झालं.

लांबच्या चढाईला त्याने चढाईवाल्याकडे धावायचंच नाही. चढाई डाव्या कोपऱ्यावर असेल तर त्याने तिरकं पुढे, मध्यरेषेकडे सरकायचं. तिकडे पकड सुटली तर चढाईवाला ज्या वाटेने माघारी येणार ती वाट अडवायची. फक्कीने तेवढी तिरकी रेघ मारून द्या आणि चढाईवाल्याकडे न बघता त्या रेघेवरून चालायला लावा, आधी चालत, मग पळत. राखीव क्षेत्राचं, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांचं भान मात्र शिकवा. झटापट सुरू व्हायच्या आधी तिकडे पाय पडला तर आपलाच गडी फुकट बाद.

पहिल्या सातांत घ्या. राखीव बसवलात तर त्याला ती शिक्षा वाटेल आणि मोडका_कान यांनी लिहिलेली मेहनत वाया जाईल. समोरच्या संघाचा मुख्य चढाईवाला उजवीकडून येणारा आहे की डावीकडून, एवढं आदल्या दिवशी बघून ठेवा आणि पैलवानाची बाजू त्याप्रमाणे ठरवा. डाव्या कोपऱ्याला आजपासून सांगा, "घे" पोटातून ओरडायचं. जत्रेत ढोल वाजत असतात, कर्णा चालू असतो, सरावातला आवाज तिथे पैलवानाच्या कानापर्यंत पोचणार नाही. त्यातून त्याचे कान मोडलेले.